म्हातारी डेसच्या कुरणात उतरली

क्लबच्या त्या विमानाला सगळे म्हातारी म्हणत. रंग उडालेला, सीटच्या शिवणी उसवलेल्या, पण स्वभावानं गरीब. तालुक्यातल्या निम्म्या वैमानिकांनी पहिली धडपड तिच्यावरच केलेली. सप्टेंबरातल्या त्या सकाळी रॉवेना वोल्स्की तिच्याभोवती फिरून पंख, चाकं, तेल तपासत होती, आणि इसोबेल कॉफीचा मग धरून मागेमागे चालत होती.

रॉवेना गुरांची डॉक्टर. वय बेचाळीस. चाळिसाव्या वाढदिवसाला दवाखान्यातल्या लोकांनी तिला एका उड्डाणाचं कुपन दिलं होतं, गंमत म्हणून. वर गेल्यावर तिला पहिली गोष्ट आवडली ती अशी, की तिथं कुणाचा फोन येत नाही. मग ती येतच राहिली. गाईंच्या विण्याच्या दिवसांत महिना महिना खंड पडायचा, तरी पुन्हा यायची. तिला शिकवलं इसोबेलनं, सत्तरीला टेकलेल्या, चिमणीएवढ्या बाईनं. आज परवान्याची परीक्षा होती.

"काही खाल्लंस का?" इसोबेलनं विचारलं.

"पेट्रोल पंपावरचं खिमा पॅटिस."

"बरं. हे बघ, परीक्षा घेणारा पिरिपी फारसा बोलत नाही. तू उगाच बडबड करू नकोस."

"मी घाबरलेली नाहीये, इसोबेल."

"तेच तर. घाबरलेला माणूस गप्प असतो. बडबड तुझ्यासारखे करतात."

परीक्षक पिरिपी विमानात चढला तेव्हा म्हातारी एका बाजूला कलली, एवढा तो आडवातिडवा माणूस. वीस वर्षं त्यानं डोंगरउतारांवर विमानातून खत टाकलं होतं. आता केस पांढरे झाले होते आणि तो लोकांच्या परीक्षा घेत फिरायचा. त्यानं पट्टा बांधला, मांडीवर पाटी ठेवली, म्हणाला, "चला डॉक्टर, तुमचा भाग दाखवा मला."

तीन दिवस पाऊस कोसळून नुकतंच उघडलं होतं. डोंगर शेंड्यापासून पायथ्यापर्यंत स्वच्छ, बर्फाची टोपी घालून बसलेला. पश्चिमेला समुद्र. मधे सगळी हिरवी कुरणं, आणि दर कुरणाच्या कडेला खाऱ्या वाऱ्याला अडवायला लावलेली काटेरी झुडपांची उंच कुंपणं. ही शेतं गाईंसाठी आखलीत, आपल्यासाठी नाहीत, हे इसोबेल तिला दर खेपेला ऐकवायची.

पहिला तासभर सगळं सुरळीत झालं. तीव्र वळणं झाली, वेग मरू देऊन विमान पुन्हा सावरणं झालं. पिरिपी मधून मधून पाटीवर काहीतरी खरडायचा. अडीच हजार फुटांवर असताना त्याचा जाडजूड हात पुढे आला आणि त्यानं इंजिनाचा जोर कमीजास्त करणारी थ्रॉटलची मूठ पूर्ण बाहेर ओढली. इंजिनाचा आवाज पडला, समोरचा पंखा मंद फिरू लागला.

"इंजिन गेलं तुमचं," तो म्हणाला.

हे होणार हे रॉवेनाला ठाऊक होतं. नाटकच होतं ते. इंजिन बंद पडलं असं समजून जागा निवडायची, तिथं उतरतोय असं खाली यायचं, आणि जमीन जवळ आली की परीक्षक म्हणतो पुरे, मग पुन्हा वर. तिनं हे इसोबेलबरोबर कितीतरी वेळा केलं होतं. तिनं नाक हळूच खाली घेऊन तरंगण्याचा वेग धरला. मग वारा पाहिला. दूधकारखान्याच्या धुराड्यातला धूर डोंगराकडे वाकला होता, म्हणजे वारा समुद्राकडून. मग जागा.

"समोर ते मोठं सपाट दिसतंय की," पिरिपी म्हणाला. "ते नको?"

"नको. तिथल्या गवतात आभाळ दिसतंय."

"म्हणजे?"

"पाणी साचलंय. पुढचं चाक रुतलं की आपण उलटे. मी डावीकडचं घेते. ते दोन कुंपणांमधलं, चरून झालेलं."

"लहान आहे."

"चढ आहे त्याला. चढावर लवकर थांबेल."

पिरिपीनं पाटीवर काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना.

उतरता उतरता तिनं बाकीचं उरकलं. इंधनाची तोटी पाहिली, किल्ली पाहिली, खोटा संकटाचा संदेश तोंडानं म्हणून दाखवला, शेजारच्याला पट्टा घट्ट करायला सांगितलं. इंजिन फार गार पडू नये म्हणून मधे एकदा थ्रॉटल आत दाबून परत ओढलं, तेव्हा म्हातारीनं नेहमीसारखा हुंकार दिला. निवडलेलं कुरण डाव्या पंखाखाली ठेवून तिनं वळसा घातला. खालच्या बाजूचं कुंपण काळंकुट्ट आणि घराएवढं उंच होतं. त्यावरून जाऊन कुरणाच्या एक तृतीयांश आत टेकायचं, असं तिनं मनाशी धरलं. अलीकडच्या टोकाला नेम धरणारे कुंपणात सापडतात, हे इसोबेलचं दुसरं पालुपद.

पाचशे फुटांच्या जरा खाली आल्यावर पिरिपी म्हणाला, "ठीक. जमलं असतं. आता वर चला."

रॉवेनानं मूठ आत दाबली आणि नाक उचललं.

मूठ आत गेली. पण ज्या सहजपणे गेली ते तिला आवडलं नाही. अडलेल्या वासराचा पाय ओढताना दोरी एकदम सैल व्हावी, आणि मग कळावं की दोरीच्या टोकाला पाय राहिलेला नाही, तसं काहीतरी हाताला लागलं. इंजिन आपलं पूर्वीसारखंच पुटपुटत राहिलं. छतावरच्या पंख्यासारखा पंखा गरगरत होता, ओढ म्हणून नव्हती.

पिरिपीचा हात आला. त्यानं मूठ बाहेर ओढली, आत ठोसली, पुन्हा ओढली. काही नाही.

"हे नाटक नाही ना?" रॉवेनानं विचारलं.

"नाही."

वर जायचं म्हणून नाक उचललेलं होतं आणि वेग भराभर उतरत होता. तिनं नाक खाली दाबलं. जमीन एवढी जवळ असताना तिच्याकडेच तोंड वळवायचं, हे मनाला पटत नाही. सगळं अंग म्हणतं वर ओढ. इसोबेलनं हे तिच्याकडून इतक्यांदा करवून घेतलं होतं की हातांनी मनाला विचारलंच नाही. वेगाचा काटा पासष्ट नॉटवर परतला. कुरण होतं तिथंच होतं, फक्त पाहिजे होतं त्यापेक्षा जरा दूर.

कंट्रोलवर तिला दुसऱ्या हातांचं वजन जाणवलं. पिरिपीनं आपल्या बाजूनं पकड घेतली होती.

"द्या माझ्याकडे," तो म्हणाला.

"असू दे माझ्याकडेच," रॉवेना म्हणाली. शेतकरी घाई करून अडलेलं वासरू ट्रॅक्टरनं ओढायला निघतो तेव्हा ती ज्या आवाजात बोलते, तोच आवाज. मोठा नव्हे, पण त्यावर वाद नसतो. "तुम्ही रेडिओ घ्या. आणि तुमचं दार उघडं करून ठेवा, मागाहून अडकायला नको."

एक श्वासभर काहीच झालं नाही. मग ते वजन गेलं. पिरिपीनं रेडिओवर खराखुरा संदेश दिला, दोन वाक्यांत, पाव मागावा अशा शांतपणे, आणि दाराची कडी काढली. वारा शिट्टी घालत आत शिरला.

ती कुरणाकडे वळली. नेहमीपेक्षा जरा आधीच वळली, कारण मघाशी नाक उचलण्यात थोडी उंची गेली होती. विमानाला संथ करून खाली आणणारे, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप अर्धेच ठेवले. कुंपण ओलांडेपर्यंत बाकीचे नकोत. कुंपण जवळ आलं, काळं, गुंतागुंतीचं; त्यात कुठंतरी प्लॅस्टिकची निळी पिशवी अडकली होती, तीसुद्धा तिला दिसली. मग ते चाकांखालून सरकलं आणि समोर हिरवा चढ उघडला.

आणि त्या चढावर आडवी, कुरणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पांढऱ्या काठ्यांची रांग.

वरून ती दिसणं शक्यच नव्हतं. गाईंनी एकदम सगळं चरू नये म्हणून शेतकरी विजेची पट्टी लावून कुरण तुकड्यातुकड्यांनी खुलं करतात. चार काठ्या, एक पट्टी. माणूस सहज ओलांडून जातो. वेगातल्या चाकाला मात्र ती पुरेशी.

"पट्टी," पिरिपी म्हणाला.

"दिसली."

तिनं लगेच टेकायचा विचार सोडून दिला. नाक नुसतं थोपवून धरलं, उचललं नाही, आणि म्हातारीला तरंगू दिलं. वेग होता थोडा हाताशी. इसोबेल ज्याला नेहमी नावं ठेवायची तो जादा वेग. पांढऱ्या काठ्या खालून गेल्या, चाकांपासून पुरुषभर अंतरावर. आता तिनं फ्लॅप पूर्ण सोडले, इंधन बंद केलं, किल्ली फिरवली. पुटपुट थांबली. पंखा आडवा होऊन थबकला.

मागची दोन चाकं टेकली. दणका बसला, पण सरळ. चिखलाचा फवारा काचेवर आला. पुढचं चाक जितका वेळ हवेत ठेवता येईल तितका वेळ तिनं ठेवलं, आणि मग तेही खाली आलं. चढानं आपलं काम केलं. म्हातारी धापा टाकत मंदावली, एकदा कलली, सरळ झाली, आणि वरच्या कुंपणापासून दोनतीन गाई उभ्या राहतील इतकं अंतर ठेवून थांबली.

काचेवरून चिखलाचा एक ओघळ सावकाश खाली आला.

"उतरा," रॉवेना म्हणाली. दोघं उतरली, चालत बाजूला गेली आणि वळून विमानाकडे पाहत उभी राहिली. कुठं धूर नव्हता, गळती नव्हती. पंखांना ओरखडासुद्धा नव्हता. पिरिपीनं खिशातून फोन काढून कळवायचं तिथं कळवलं, मग इसोबेलला फोन केला. "उभे आहोत दोघं," तो तिला म्हणाला. "नाही, तिनंच उतरवलं. हो. हो, विमानही उभंच आहे."

चढाखालून फटफट ऐकू आली. चारचाकी शेतबाइकवरून एक माणूस येत होता, मागच्या पाटावर कुत्रा. तो पट्टीपाशी उतरला, एक काठी उपटून बाइक आत घेतली, काठी परत रोवली, आणि मगच पुढे आला. रॉवेनानं त्याला त्या काठी परत रोवण्यावरून ओळखलं. डेस किसिक. एवढी वर्षं या माणसाच्या फाटकातून ती आत येत होती, पण त्याचं कुरण वरून ओळखलं नव्हतं. गेल्या वर्षी त्या दोघांचं एका वासरावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलत असे.

डेसनं विमानाकडे पाहिलं. पिरिपीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"डॉक," तो म्हणाला. "तुमच्या दवाखान्यात फोन केला होता मी. ती पोरगी म्हणाली, डॉक्टर आज सुट्टीवर आहे, दुसरं कुणी जेवणानंतर येईल." त्यानं टोपी मागे सरकवली. "सेवा सुधारली म्हणायची."

"काय झालंय?"

"तुला लागलंय का कुठं?"

"नाही. काय झालंय, डेस?"

"काल व्यायलेली गाय. बसलीय, उठत नाही. मान अशी पोटाकडे वळवून."

"कान गार आहेत?"

"बर्फासारखे."

"कॅल्शियम उतरलंय तिचं. त्याच्या पिशव्या आहेत घरी?"

"आहेत. पण शिरेतून द्यायचं मला जमत नाही, तुला माहितीय."

"चल मग," रॉवेना म्हणाली, आणि पिरिपीकडे वळली. "तुम्ही येता का? पिशवी उंच धरायला उंच माणूस लागतो."

पिरिपीनं विमानाकडे पाहिलं. नियमानं कुणीतरी जवळ थांबायला हवं होतं. कुत्रा पाटावरून उडी मारून विमानाच्या सावलीत जाऊन बसला होता.

"तो राखेल," डेस म्हणाला. "माझ्या बायकोलासुद्धा जवळ येऊ देत नाही. बस भावा, मागे बस."

गाय पुढच्या कुरणात होती, सांगितलं तशीच. रॉवेना गुडघ्यांवर बसली, मानेची शीर बोटानं दाबून फुगवली, सुई घातली, नळी जोडली. पिरिपी पिशवी डोक्यावर धरून उभा राहिला. एकदम सोडलं तर गाईचं हृदय थांबतं, म्हणून थेंब थेंब सोडायचं. रॉवेनानं एक हात छातीवर ठेवून ठोके मोजायला सुरुवात केली, आणि तेव्हा तिला कळलं की आपल्याला ठोके मोजता येत नाहीयेत, कारण हातच हलतोय. तिनं वर पाहिलं. पिशवीसुद्धा हिंदकळत होती.

"तुमचाही?" ती म्हणाली.

"मघापासून," पिरिपी म्हणाला. "वाटलं, तुम्हाला दिसणार नाही."

डेस दोघांकडे बघत होता. तो पिरिपीशेजारी आला आणि पिशवीला खालून हात लावला. रॉवेनानं गाईच्या मानेला डोकं टेकवलं. गाईच्या अंगाला दुधाचा आणि ओल्या केसांचा वास येत होता. मग हात थांबला आणि ठोके लागले.

पिशवी संपायला आली तशी गाईनं ढेकर दिली, कान हलवले. डेसनं खांद्यानं ढकललं तेव्हा मागचे पाय आधी उभे राहिले, मग पुढचे. ती तशीच थरथरत उभी राहिली आणि तिघांकडे रागानं पाहू लागली.

"त्या वासराच्या वेळचं," डेस म्हणाला, गाईकडेच बघत. "तुझंच बरोबर होतं. ट्रॅक्टर नको होता लावायला."

"हो, नको होता," रॉवेना म्हणाली.

स्वयंपाकघरात डेसच्या बायकोनं चहा केला आणि चीज घातलेले, पावासारखे गरम स्कोन पुढे ठेवले. पिरिपीनं चार खाल्ले. इसोबेल क्लबच्या मेकॅनिकला घेऊन तिच्या डबड्या गाडीतून आली. आधी ती कुरणात जाऊन चाकांच्या खुणा पाहून आली. बूट दाराशी काढून आत आली, रॉवेनाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहू देत म्हणाली, "वेगात आलीस."

"थोडी."

"पट्टीच्या पलीकडं टेकलीस म्हणून आज काही बोलत नाही."

मेकॅनिकनं तासाभरात सांगितलं की थ्रॉटलची तार इंजिनाच्या टोकाला तुटली आहे. आतल्या आत, वेष्टनाखाली. बाहेरून तपासून दिसली नसती. मूठ होती, तार होती, फक्त ती कशाला जोडलेली नव्हती.

"आणि परीक्षा?" इसोबेलनं विचारलं.

पिरिपीनं चहाचा मग खाली ठेवला. "अपुरी राहिली. धावपट्टीवर उतरून दाखवलं नाही अजून."

रॉवेनाला क्षणभर राग आला, खरोखरचा. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस गंमत करत नाहीये आणि अडवतही नाहीये. नियम तसा आहे, आणि नियमाला अपवाद केलेला तिलाही आवडला नसता.

"कधी?" तिनं विचारलं.

"म्हातारी बरी झाली की."

म्हातारी बरी व्हायला दोन आठवडे लागले. नवी तार घालून, जमीन वाळल्यावर, डेसची पट्टी गुंडाळून ठेवून इसोबेलनंच तिला उतारावरून उडवून नेलं. एकटी. कुंपणावरून ती जेमतेम गेली असं डेस सांगतो. भरपूर अंतर होतं असं इसोबेल सांगते.

उरलेल्या परीक्षेला पिरिपी आला तेव्हा वारा पडलेला होता. तो आत बसला, म्हातारी कलली.

"आज इंजिन बंद करणार नाही," तो म्हणाला. "तो भाग पाहून झालाय."

"हवं तर करा."

"तुमची हौस असेल. माझी नाही."

रॉवेना तीनदा उतरली. आडव्या वाऱ्याची तयारी करून आली होती, पण वाराच नव्हता. तिसऱ्या वेळी चाकं टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. विमान जागेवर लावून तिनं इंजिन बंद केलं. पिरिपीनं पाटीवरच्या कागदावर सही केली, कागद तिच्याकडे दिला, आणि उतरायचं सोडून बसून राहिला.

"एक विचारू, डॉक्टर?"

"विचारा."

"त्या दिवशी मी कंट्रोल सोडलं नसतं तर? मी परीक्षक. जबाबदारी माझी होती."

"दिलं असतं तुम्हाला."

पिरिपीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगा."

रॉवेनानं विचार केला. "नसतं दिलं," ती म्हणाली. "माझं वळण मनात आखून झालं होतं. तुम्हाला ते पहिल्यापासून सुरू करावं लागलं असतं."

"मलाही तेच वाटलं," पिरिपी म्हणाला. "म्हणून हात काढले." त्यानं पट्टा सोडला आणि दार ढकललं. "पण मनातून फार अवघड गेलं हो. वीस वर्षांची सवय. रेडिओ आणि दार झाल्यावर हात मांडीखाली दाबून बसलो होतो मी."

तो उतरला तशी म्हातारी सरळ झाली. रॉवेना परवान्याचा कागद हातात घेऊन जरा वेळ तिथंच बसली. मग तिनं किल्ली काढली, इंधनाची तोटी बंद केली, सगळी बटणं पुन्हा एकदा पाहिली, आणि दार लावून बाहेर आली.